टपालाच्या थैलीतून आलेले सूर

१९९१ सालच्या जून महिन्यात मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी, मावसभावाकडे महिनाभर मुक्कामाला होतो. ॲक्रन म्हणजे मोटारीच्या टायरांचे गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच ही जी नावे आपण मुंबईच्या ट्रकांखाली वाचली, ती सगळी मूळची इथली. मावसभाऊ आणि वहिनी सकाळी आठालाच कामावर निघून जात आणि मागे मी एकटा. अकराच्या सुमारास पोस्टमनची गाडी येई. ती यायच्या दहा मिनिटे आधी शेजारच्या घराचे दार उघडे आणि एक उंच, किंचित वाकलेले, सत्तरीला टेकलेले आजोबा सावकाश चालत रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी येऊन उभे राहत. चार दिवस मी हे पाहिले. पेन्शनचा चेक यायचा असेल, नाहीतर मुलाचे पत्र, असा माझा आपला समज. संध्याकाळी वहिनींना विचारले तर त्या हसू लागल्या.

"छे हो भावजी! त्यांचं गाण्यांचं पार्सल यायचंय."

पार्सल पाचव्या दिवशी आले. मी ओट्यावरच होतो. आजोबांनी ते हातात उंच धरून मला दाखवले, जणू माझेही त्यात काही होते, आणि खूण करून घरात बोलावले.

बैठकीच्या खोलीत एका फळीवर सारख्या आकाराचे, सारख्या बांधणीचे कॅसेटांचे संच ओळीने लावलेले होते. प्रत्येकावर फक्त एक साल. १९५१, १९५५, १९६०, १९६४... मधले काही अजून यायचे होते. टाइम-लाइफ या प्रकाशनसंस्थेची 'कंट्री यू.एस.ए.' नावाची ही माला. एकूण तेवीस संच, आणि प्रत्येकात त्या-त्या वर्षी गाजलेली कंट्री गाणी. दुकानात मिळायची नाहीत. पत्र टाकायचे किंवा टेलिफोन करायचा, मग पोस्टाने एकेक संच घरी येणार. दहा दिवस ऐकून पाहा, पसंत पडला तर पैसे पाठवा, नाही पडला तर परत करा.

"तुमचा जन्म कुठल्या सालचा?" आजोबांनी विचारले.

"अठ्ठावन्नचा."

त्यांनी फळीवरून बोट फिरवले. अठ्ठावन्न साल आलेले नव्हते. यजमानाला पाहुण्यापुढे साखर संपल्यावर व्हावी तशी त्यांची पंचाईत झाली. मग त्यांनी साठ सालचा संच काढून यंत्रात घातला, आणि एक खोल, मऊ, घाई नसलेला आवाज खोलीत पसरला. टेलिफोनवरून आपल्या प्रेयसीशी बोलणाऱ्या माणसाचे ते गाणे मी नकळत गुणगुणू लागलो. आजोबा चमकले.

"तुम्हाला जिम रीव्ह्ज ठाऊक आहे? हिंदुस्थानात?"

ठाऊक म्हणजे काय! माझे लहानपण गिरगावात गेले. आमच्या घरामागे गोव्याचे एक कुटुंब राहत असे. डिसेंबर उजाडला की त्यांच्या खिडकीतून जिम रीव्ह्जच्या नाताळच्या रेकॉर्डी सुरू होत, त्या नवे साल लागेपर्यंत थांबत नसत. आमच्या आजीला इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते, पण "तो शांत बाबा लागला वाटतं" असे ती म्हणायची. वांद्र्याच्या पाखाड्यांत, गोव्यात, रेल्वे वसाहतींतल्या अँग्लो-इंडियन घरांत, रेडिओ सिलोनवर, हा टेक्ससचा गवई इतका रुळला होता की तो आपला नव्हे हे आठवावे लागे. १९६४ च्या जुलै महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, स्वतःचे छोटे विमान चालवीत असताना नॅशव्हिलजवळ अपघातात तो गेला. पण त्याची पत्नी मेरी हिने त्याची मागे उरलेली ध्वनिमुद्रणे एकेक करून बाहेर काढली, आणि मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९६६ साली, त्याचे एक गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर चढले.

एवढे सांगितल्यावर आजोबांशी माझी गट्टी जमली. ती पुढचे तीन आठवडे टिकली, आणि त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट उमगली. कंट्री संगीत आणि पोस्टखाते यांचे नाते फार जुने आहे.

वाचकांपैकी पुष्कळांना कंट्री संगीत म्हणजे काय हे सांगायला नको. तरी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातले हे शेतकऱ्यांचे आणि खाणकामगारांचे गाणे. फिडल, बँजो, गिटार ही वाद्ये. विषय म्हणजे आई, घर, आगगाडी, दारू, देव आणि निघून गेलेली बायको. शहरी लोक त्याला बरीच वर्षे 'हिलबिली', म्हणजे डोंगरी अडाण्यांचे गाणे, म्हणून हिणवीत. १९२७ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर या गृहस्थाने ब्रिस्टल गावी यंत्र मांडून स्थानिक मंडळींची गाणी टिपली. तिथे कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे दोन मोहरे त्याला गवसले. रॉजर्स आधी रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने पोखरलेला हा माणूस १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण करता करता मधूनमधून खाटेवर पडून विश्रांती घेत होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी वारला.

पण ही गाणी ऐकणार कोण? तो शेतकरी. आणि तो राहतो कुठे? रेकॉर्डच्या दुकानापासून कोसोगणती दूर. त्याच्यापर्यंत जाणारा माणूस एकच, पोस्टमन. १८९६ पासून अमेरिकन टपालखात्याने खेड्यापाड्यांत घरपोच टपाल द्यायला सुरुवात केली, आणि १९१३ पासून पार्सलेही जाऊ लागली. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड आणि सियर्स-रोबक या व्यापारी पेढ्यांची जाडजूड सूचीपत्रे शेतकऱ्याच्या घरात बायबलच्या शेजारी असत. नांगर, कपडे, शिवणयंत्र, सगळे त्यातून मागवायचे. त्यात गिटारही असे. पडद्यावरचा गाता काउबॉय जीन ऑट्री याची पहिली गिटार सियर्सच्या सूचीपत्रातूनच आलेली, आणि पुढे तो प्रसिद्ध झाल्यावर त्याच सूचीपत्रात त्याच्या नावाची गिटार विकायला आली. सियर्सने १९२४ साली शिकागोत स्वतःचे नभोवाणी केंद्रच काढले. त्याचे नाव डब्ल्यू.एल.एस., म्हणजे 'जगातले सर्वांत मोठे दुकान' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे! त्याच साली त्यावरून 'बार्न डान्स' हा गावरान गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तिकडे माँटगोमेरी वॉर्डने १९३० नंतरच्या मंदीत जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंबाची गाणी आपल्या नावाच्या स्वस्त रेकॉर्डींवर विकली. नांगराच्या फाळाबरोबर एकाच पार्सलात गाणेही येऊ लागले.

मग १९४७ साली नॅशव्हिलमध्ये अर्नेस्ट टब या गायकाने रेकॉर्डींचे दुकान काढले. टब हा जिमी रॉजर्सचा भक्त. गुरूच्या पश्चात गुरुपत्नीने रॉजर्सची गिटार त्याला वापरायला दिली होती. गिटारीच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'थँक्स' असे लिहिलेले, आणि गाणे संपले की तो गिटार उलटी करून ते श्रोत्यांना दाखवी. गावोगाव लोक त्याला विचारीत, "तुमच्या रेकॉर्डी आम्हाला मिळत कशा नाहीत?" म्हणून हे दुकान मुख्यतः टपालावर चालायचे. दर शनिवारी मध्यरात्री दुकानातूनच रेडिओवर गाण्याचा कार्यक्रम होई आणि पुढे पत्रांचा पाऊस. आपल्याकडे पुस्तकांची व्ही.पी. यायची आणि ती सोडवायला आई डब्यातले पैसे मोजायची, तोच हा मामला. फरक इतकाच की तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या, वाटेत तडकल्या की संपले.

इथपर्यंत गोष्ट नव्या गाण्यांची झाली. जुन्या गाण्यांच्या पेट्या आल्या त्या यानंतर, आणि त्यामागे एक मोठे स्थलांतर आहे. डोंगरातली, कोळशाच्या खाणीतली माणसे पोटासाठी डेट्रॉइट, शिकागो, ॲक्रन अशा कारखान्यांच्या गावी गेली. आमचे कोकणचे चाकरमानी गिरणगावात आले तशीच. आजोबा वेस्ट व्हर्जिनियातून १९५१ साली इथे आले आणि तीस वर्षे टायरच्या कारखान्यात राबले. दरम्यान रेडिओला नव्या गाण्यांची चटक लागली. जुने गायक मागे पडले, जुन्या रेकॉर्डी दुकानांतून उठल्या, घरातल्या झिजल्या किंवा मुलांनी फोडल्या. आणि ऐकणारे मात्र आता पन्नाशीचे, हाती दोन पैसे असलेले. अशा गिऱ्हाइकाकडे रेकॉर्ड कंपन्यांचे लक्ष नव्हते. ते गेले भलत्याच माणसांचे.

फिलिप काइव्ह्ज हा कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताचा शेतकऱ्याचा मुलगा. दारोदार वस्तू विकण्यात तरबेज. १९६२ साली त्याने अन्न न चिकटणारा तवा टेलिव्हिजनवर दाखवून विकला. भाजी कापायचे यंत्र विकले. १९६६ साली त्याच झटक्यात त्याने पंचवीस कंट्री गाण्यांची एक रेकॉर्ड विकून पाहिली, आणि तिच्यातून 'के-टेल' या कंपनीचा गाण्यांचा पसारा उभा राहिला. तव्यावरून गाण्यावर ही उडी हास्यास्पद वाटते खरी. पण तिच्यात एक मर्म होते. हँक विल्यम्स एका कंपनीचा, जिम रीव्ह्ज दुसरीचा, पॅट्सी क्लाइन तिसरीची. कंपन्या एकमेकींच्या सवती. प्रत्येकजण आपल्याच गायकांची रेकॉर्ड काढणार. तवेवाल्याला सगळ्याच सारख्या. त्याने प्रत्येकीकडून परवाना घेतला, गाण्यामागे ठरलेले पैसे मोजले आणि सगळ्यांना एका तबकडीवर बसवले. लोकांना हवे होते तेच ते. घरात बसून ऐकणारा माणूस कंपनीचे नाव वाचून थोडाच ऐकतो?

आता स्लिम व्हिटमनची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. फ्लॉरिडातल्या टँपाचा हा माणूस, जन्म १९२३ चा. तरुणपणी मांसाच्या कारखान्यात काम करताना डाव्या हाताच्या बोटांना अपघात झाला, तेव्हा त्याने गिटारीच्या तारा उलट्या लावून डावखुरेपणाने वाजवायला शिकून घेतले. आवाज विलक्षण. छातीतल्या सुरावरून एकदम डोक्यातल्या पातळ सुरावर उडी मारायची आणि परत यायचे, ही 'योडेल'ची तऱ्हा त्याला सहज साधे. श्रीव्हपोर्टच्या रेडिओवर गात असताना गाण्यावर पोट भरेना, म्हणून त्याने अर्धवेळ नोकरी धरली होती, आणि ती कुठे म्हणाल तर पोस्टात! १९५२ साली एका जुन्या संगीतिकेतल्या गाण्याने त्याचे नाव झाले. १९५५ साली त्याचे दुसरे गाणे इंग्लंडात सलग अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तो विक्रम पुढे छत्तीस वर्षे कोणाला मोडता आला नाही. इंग्लंडने त्याला डोक्यावर घेतले. मायदेशाने मात्र विसरून टाकले.

आणि मग १९७९ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तो अमेरिकेच्या घराघरांत टेलिव्हिजनवर दिसू लागला. रात्री उशिरा, जुने चित्रपट लागतात त्या स्वस्तातल्या वेळी. बारीक मिशी, झकास कोट, हातात गिटार. एकेका गाण्याच्या चार-पाच सेकंद ओळी, पडद्यावर सरकत जाणारी गाण्यांची नावे, शेवटी पत्ता आणि टेलिफोनचा नंबर, आणि "दुकानात मिळणार नाही" ही दवंडी. विनोदी नटांना आयते सावज मिळाले. त्याच्या योडेलची, त्याच्या मिशीची जागोजाग टिंगल झाली. हसता हसता सुमारे पंधरा लाख रेकॉर्डी खपल्या. टेलिव्हिजनवरून विकलेल्या कोणत्याही रेकॉर्डचा तोवर एवढा खप झाला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याचे नवे गाणे पुन्हा कंट्रीच्या यादीत आले. जी लाखो माणसे कोणी मोजत नव्हते, ती सगळी घरी बसून पोस्टमनची वाट पाहत होती एवढाच त्याचा अर्थ. १९९६ साली एका विनोदी चित्रपटात त्याच्या गाण्याने मंगळावरच्या राक्षसांची डोकी फुटतात असे दाखवले आहे. तोही माणूस गालात हसला असेल. २०१३ साली तो नव्वदीत वारला.

या धंद्यात सगळेच सोज्ज्वळ होते असे मात्र कोणी समजू नये. एका रेकॉर्डवर वीस-पंचवीस गाणी कोंबायची म्हणजे खाचा जवळजवळ येणार आणि आवाज बारीक होणार. म्हणून मग गाण्याचे शेपूट कापायचे, एखादे कडवेच गायब करायचे. रेकॉर्ड क्लबांची तऱ्हा आणखी न्यारी. कोलंबिया कंपनीने १९५५ साली टपाली क्लब काढला. पुढे अशा क्लबांच्या जाहिराती "एका सेंटात बारा रेकॉर्डी" असे आमिष दाखवू लागल्या. खुबी अशी की दर महिन्याला येणारे कार्ड "नको" असे लिहून परत धाडले नाही, तर त्या महिन्याची रेकॉर्ड बिलासकट दारात हजर! आळशी माणसाच्या आळसावर धंदा. अखेर १९७३ साली सरकारला त्यासाठी नियम करावा लागला.

पण सर्वांत मोठी फसवणूक वेगळीच. मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचे असते, गायकाच्या नव्हे. परवान्याचे पैसे द्यायचे नसतील तर एखादी लहान कंपनी त्याच म्हाताऱ्या गायकाला बोलावून तेच गाणे नव्याने गाऊन घेई. वेष्टनावर नाव खरे, गाणे खरे, गायकही खरा! आजोबांनी अशी एक कॅसेट मला मुद्दाम ऐकवली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी यंत्र थांबवले.

"माणूस तोच आहे," ते म्हणाले, "पण हे ते नव्हे. त्या दिवशीची स्टील गिटार कुठे आहे?"

मला क्षणभर त्या गायकाचीही कीव आली. तरुणपणी गायलेले गाणे कंपनीचे झाले, आणि म्हातारपणी स्वतःचीच नक्कल करून दोन पैसे मिळवायचे. पण त्याला तरी दुसरे काय विकता येणार होते? या पेट्यांनी गायकांवर आणखी एक अन्याय केला असे माझे मत आहे. ज्याने शेकडो गाणी गायली त्याचे एकच गाणे सगळ्या पेट्यांत फिरत राहिले. आमच्याकडे तरी जिम रीव्ह्जची पाच-सहा गाण्यांपलीकडची ओळख कितीजणांना आहे?

चांगले कामही टपालानेच झाले हे नमूद केले पाहिजे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने १९८१ साली बिल मॅलोन या इतिहासकाराकडून जुन्या कंट्री संगीतातली १४३ ध्वनिमुद्रणे निवडून घेतली आणि आठ रेकॉर्डींची पेटी काढली. सोबत त्याची टिपणे, कोण कुठला, कोणी कोणापासून काय घेतले, सगळे. ज्यांना अडाण्यांचे गाणे म्हटले, ते राष्ट्रीय संग्रहालयाच्या नावाने घरपोच आले. आणि सर्वांत कसून काम केले ते एका जर्मनाने. रिचर्ड व्हाइत्झे याने १९७५ साली 'बेअर फॅमिली' नावाची संस्था काढली. तो कंपन्यांच्या कोठारांतून मूळ फिती हुडकून काढी आणि एकेका गायकाचे होते नव्हते ते सगळे क्रमवार लावी. जिमी रॉजर्सच्या सहा तबकड्या, कार्टर कुटुंबाच्या बारा, जिम रीव्ह्जच्या सोळा. अमेरिकेचा ठेवा जर्मनीतल्या खेड्यातून पार्सलाने अमेरिकेला परत जाऊ लागला.

माझा परतीचा दिवस जवळ आला तेव्हा मी आजोबांना विचारले, "यातला तुमच्या सगळ्यात आवडीचा संच कोणता?" त्यांनी उत्तर न देता फळीच्या टोकाचा एक संच काढून माझ्या हाती दिला. १९५३.

त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, ॲक्रनपासून वीसेक मैलांवर कँटन या गावी, हँक विल्यम्सचा दुपारचा जलसा होता. आजोबांचे लग्न होऊन दोन महिने झाले होते. दोघे बर्फातून बसने गेले. सभागृह भरले. पडदा उघडला नाही. कोणीतरी पुढे येऊन सांगितले की हँक विल्यम्स येऊ शकत नाही. लोक हसले! कारण दारूपायी कार्यक्रम बुडवण्याबद्दल तो बदनामच होता. त्याच कारणाने आदल्या ऑगस्टमध्ये नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'ने त्याला काढून टाकले होते. मग तो माणूस म्हणाला की ही थट्टा नाही, कँटनला येता येता मोटारीच्या मागच्या बाकावर तो मेला आहे. वय एकोणतीस. दिवे मालवले, बंद पडद्यावर एकच झोत पडला, आणि पडद्यामागून बाकीच्या कलावंतांनी त्याचे एक भजन गायला सुरुवात केली. सभागृह उभे राहून गाऊ लागले.

"गाडी थांबली ती ओक हिलला," आजोबा म्हणाले. "आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे. त्याला मेलेला पाहिला तो आमच्याकडच्या माणसांनी, आणि वाट बघत बसलो होतो आम्ही इथे."

त्या वर्षी हँक विल्यम्सची गाणी त्याच्या मागे एकामागून एक गाजली. आजोबांच्या पत्नीने तेव्हा घेतलेल्या रेकॉर्डी केव्हाच फुटल्या होत्या. ती स्वतः १९८८ साली गेली. टाइम-लाइफचे पत्रक त्याच्या पुढच्या वर्षी टपालाने आले, आणि त्यांनी लगेच कार्ड भरून टाकले.

सियर्सचे मोठे सूचीपत्र १९९३ साली बंद झाले. कोलंबिया क्लबच्या वारस कंपनीने २०१५ मध्ये दिवाळे काढले. नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरचे अर्नेस्ट टबचे दुकान २०२२ साली बंद झाले. आता यातले कुठलेही गाणे खिशातल्या फोनवर चुटकीसरशी लागते. मीही तसेच ऐकतो.

आजोबा १९९९ मध्ये वारले. मुलांनी घर विकायला काढले तेव्हा रिवाजाप्रमाणे सामान अंगणात मांडून ठेवले होते, आणि मावसभाऊ सकाळी लवकर जाऊन कॅसेटांचे संच पाहून आला. मला त्याने फोन केला, "तुझ्या अठ्ठावन्न सालचा घेऊन ठेवलाय." मी म्हटले, "आणि त्रेपन्नचा?" तो म्हणाला की त्याने दोनदा मोजले. बावीसच होते.